दोन यंत्रांच्या दोन बोली

आमच्या शेजारी मध्यंतरी लखनौकडचे एक कुटुंब राहावयास आले. एके दिवशी त्या बाईंनी माझ्या आईला मोठ्या अगत्याने विचारले, "माताजी, आपके पोते की शिक्षा कहाँ हुई?" आई चपापली. नातवाला कसली शिक्षा झाली, कोणी केली, आणि ती आपल्यापासून का लपवली, याचा जाब संध्याकाळी मला द्यावा लागला. बाईंनी अगदीच परका शब्द वापरला असता, तर आईने सरळ विचारले असते, 'म्हणजे काय हो?' घोटाळा झाला तो शब्द ओळखीचा वाटल्यामुळे.

भाषा शिकवणे हा माझा व्यवसाय. तेव्हा असल्या गमती मी वर्गात सांगत असतो. पण हीच गंमत भोसरीतल्या एका कारखान्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या नोकरीवर बेतली. ती हकिगत आज तुम्हांला सांगायची आहे.

हा मुलगा आयटीआयमध्ये टर्नरचे काम शिकला आणि पुढे नोकरी सांभाळून बी.ए. झाला. तो सीएनसी लेथवर काम करतो. साध्या लेथवर कारागीर चाक फिरवून हत्यार पुढेमागे नेतो; सीएनसी यंत्र संगणकाच्या हुकमाने चालते आणि ते हुकूम अक्षरे व आकडे जोडून लिहायचे असतात. १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत छिद्रे पाडलेल्या फितीवरून हुकूम घेणारे मिलिंग यंत्र दाखवण्यात आले. त्या घराण्यातलीच ही यंत्रे. जी-० म्हणजे हत्यार भरधाव ने, जी-१ म्हणजे ठरल्या वेगाने कापत सरळ ने, एम-३ म्हणजे स्पिंडल फिरव. एवढे बहुतेक सगळीकडे सारखे. १९८२ साली आयएसओ ६९८३ या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणही ठरले. पण प्रमाणभाषा पुस्तकात असते आणि बोली घरात, नाही का? यंत्राच्या मेंदूला कारखान्यात 'कंट्रोल' म्हणतात. तो बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने मोकळे राहिलेले आकडे आपापल्या सोयीने भरले.

आपल्याकडे दोन कंट्रोल फार दिसतात, जपानी फॅनुक आणि जर्मन सिमेन्स. हा मुलगा सहा वर्षे सिमेन्सवर रुळलेला. नव्या नोकरीत त्याला फॅनुक मिळाला. "सर, आठ दिवसांत जमेल," असे मला सांगून गेला.

आता पाहा. सिमेन्सवर जी-७१ म्हणजे मापे मिलिमीटरमध्ये आणि जी-७० म्हणजे इंचांत. फॅनुकच्या लेथवर जी-७१ म्हणजे जादा धातू थराथराने काढणारे रफिंगचे चक्र, आणि जी-७० म्हणजे त्यावरचा फिनिशिंगचा हात. जी-९० सिमेन्सवर सांगते, 'सगळी मापे एकाच शून्यापासून मोज'. फॅनुकच्या नेहमीच्या लेथ-पद्धतीत तोच आकडा व्यास कापण्याचे चक्र सुरू करतो. हे सगळे त्याने पाठ केले होते. फसला तो ठिपक्यात.

सिमेन्सवर एक्स १०० लिहिले की ते शंभर मिलिमीटर. फॅनुकवर, तशी खास सोय करून ठेवलेली नसेल तर, ठिपक्यावाचून लिहिलेले १०० म्हणजे शंभर मायक्रॉन, म्हणजे एक दशांश मिलिमीटर! शंभर मिलिमीटर हवे तर शंभराच्या पुढे दशांशाचा ठिपका हवाच, मग त्यापुढे काही नसले तरी चालते.

कापण्याच्या ओळींत त्याने ठिपके नीट दिले होते. काम झाल्यावर हत्यार दूर नेण्याची ओळ मात्र सहा वर्षांच्या सवयीने हाताने लिहून टाकली: जी-० एक्स १०० झेड १००. हत्यार तेव्हा ५० मिलिमीटर व्यासाच्या बारला टेकलेले, तोंडापासून ४० मिलिमीटर आत. ते बाहेर सरकायचे, ते भरधाव निघाले बारच्या मध्याकडे. इन्सर्ट फुटले, होल्डर वाकला, टरेट जागचा हलला. दार बंद होते म्हणून माणसाला इजा झाली नाही.

उलटी चूक झाली असती तर? फॅनुकच्या जुन्या वळणाने कोणी १००००० लिहून सिमेन्सला दिले असते, तर त्याचे शंभर मीटर झाले असते. यंत्राने हद्दीबाहेरचे म्हणून अलार्म दिला असता आणि जागचे हललेही नसते.

त्या रविवारी तो माझ्याकडे आला. मालकांनी काढले नव्हते, पण यंत्राला हात लावू देत नव्हते. जॉब पुसायचे आणि मोजायचे, एवढेच काम. म्हणाला, "सर, मला काहीच येत नाही असे वाटायला लागले आहे." मला यंत्रातले काय कळणार! मी त्याला आईची गोष्ट सांगितली. थोडा हसला. मग वही दाखवली. तीत दोन्ही कंट्रोलचे झाडून सारे कोड समोरासमोर लिहिलेले. मी म्हटले, "अरे, जे सारखे आहेत ते कशाला? जे इथे मुळीच नाहीत, ते यंत्रच परत करील. दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे, तेवढेच काढ." वही दीड पानावर आली. ती पाने त्याने पडद्याशेजारी चिकटवली.

बाकीची खबरदारी त्याची त्यालाच ठाऊक होती, घाईत सोडली होती इतकेच. नवा प्रोग्रॅम सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ थांबवून चालवायचा. भरधाव चाल अगदी खाली आणायची. ओळ सुरू होताच फीड-होल्ड दाबून पडद्यावर 'उरलेले अंतर' वाचायचे. त्या दिवशी तिथे अधिक ५० च्या जागी उणे ४९.९ दिसले असते.

त्याच्याकडून एक मौजही कळली. काही सिमेन्स कंट्रोलवर जी-२९१ दिले की ते फॅनुकच्या धाटणीची बोली समजू लागते, आणि जी-२९० दिले की पुन्हा आपल्या बोलीवर येते. बेळगावचा दुकानदार गिऱ्हाइकाचे तोंड पाहून मराठी-कानडी बदलतो ना, अगदी तसे!

तीन महिन्यांनी त्याला यंत्र परत मिळाले. आता कारखान्यात हायडेनहाइन कंट्रोलचे मिलिंग यंत्र येणार आहे आणि त्यावर हाच जाणार आहे. त्या कंट्रोलच्या स्वतःच्या भाषेत सरळ कापायची ओळ जी-१ ने नव्हे, एल या अक्षराने सुरू होते. मी विचारले, "भीती नाही ना वाटत?"

"नाही सर. त्यात ओळखीचे फारसे काही नाहीच. एम-३ तेवढे सारखे दिसते आहे. ते मात्र तपासून घेणार."