कॉलेजचे यश कोणत्या मापाने मोजावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला, की आपल्या द्रोणागिरीत घरोघर एकच प्रश्न असतो. मुलीला कोणत्या कॉलेजात घालावे? कोणी म्हणते, ‘नॅक’ची श्रेणी पाहा, कोणी म्हणते, सरकारी यादीत नंबर कितवा ते पाहा. ही यादी 2016 पासून निघते. अध्यापन, संशोधन, पदवीनंतरची वाटचाल, सर्व थरांना प्रवेश आणि लोकांत असलेले नाव, अशा पाच गोष्टींना तीत गुण असतात. नाव असलेल्यालाच नावासाठी आणखी गुण! पंगतीत मानाच्या पाटाला आधी वाढतात, त्यातलाच हा प्रकार.

अण्णासाहेब कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा विद्यार्थिनी होत्या अवघ्या 5. शिकवणे मातृभाषेतून. 1920 साली ठाकरसींची 15 लाखांची देणगी मिळाली, पण कायद्याची मान्यता मिळायला 1951 साल उजाडले. मधली 35 वर्षे कोणत्या यादीने त्याला वर बसवले असते? इंग्रजीच्या उंबरठ्यावर अडलेली मुलगी तिथे पदवीपर्यंत पोचत होती, हेच त्याचे माप.

आपल्या उरण-पनवेल भागातल्या जमिनी 1970 पासून नव्या मुंबईसाठी गेल्या, 1989 साली बंदर सुरू झाले. शेती आणि मिठागरे सुटलेल्या कित्येक घरांत आज मुलगीच पहिली पदवीधर होते आहे. नव्वद टक्क्यांची मुलगी घेऊन नव्वद टक्के परत करणे कठीण नाही. पंचेचाळीस टक्क्यांची मुलगी घेऊन तिला आपल्या पायावर उभी करणारे कॉलेज मला मोठे वाटते.

माझ्या नणंदेची मुलगी दुसऱ्या वर्षी गळली. घरी आजारपण होते, फी थकली होती. त्या वर्षी तिच्या कॉलेजने निकाल मोठ्या अक्षरांत छापला. टक्केवारी काढली होती परीक्षेला बसलेल्या मुलींची. न बसलेल्या त्यात नव्हत्याच. कॉलेजच्या लेखी ती गळलीच नाही!

म्हणून प्रवेशाला जाल तेव्हा प्राचार्यांना एवढेच विचारा: पहिल्या वर्षाला नाव घातलेल्या मुलींपैकी तिसऱ्या वर्षाला किती पोचल्या? ज्या राहिल्या, त्या कशामुळे? लग्न, बस, फी, की मुलींसाठी धड स्वच्छतागृह नाही म्हणून? मिळतील ती उत्तरे आपण मंडळाच्या वहीत लिहून ठेवू. वही मी आणली आहे, पहिले पान आखलेही आहे. सभेनंतर ज्यांच्या मुली यंदा बारावीला आहेत, त्यांनी थोडे थांबावे.