शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यातल्या फांद्या

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या रानातला घोयरा सरडा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. तो घरात ठेवणं गुन्हा. मी बोलतोय येमेन-सौदीकडच्या व्हेल्ड शॅमेलिऑनबद्दल, आणि त्याचीही परिवेश पोर्टलवर नोंदणी हवीच.

फोर्ट विल्यममध्ये, म्हणजे आताच्या विजय दुर्गात, पोस्टिंगवर असताना शेजारच्या क्वार्टरमध्ये असा एक होता. प्लास्टिकच्या गुळगुळीत नळ्यांवरून बिचारा सारखा घसरायचा. त्याचा पाय म्हणजे चिमटा. एका बाजूला दोन बोटं, दुसऱ्या बाजूला तीन. फांदी त्या चिमट्यात मावली तरच पकड बसते. म्हणून करंगळीपासून अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतच्या फांद्या घ्या. आम्ही पेरूच्या लावल्या. कठीण, वेड्यावाकड्या, चीक नाही. कण्हेर किंवा रुई चुकूनही नको, दोन्ही विषारी.

काही आडव्या, काही तिरक्या बांधा, म्हणजे खालून वरपर्यंत सलग वाट होते. बल्बखाली एक आडवी हवी, पण वीतभर अंतर सोडून, नाहीतर पाठ भाजते. ऊब पुरे झाली की त्याला सावलीत सरकता आलं पाहिजे. आणि पानं विसरू नका. वाटीतलं पाणी तो सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो.

बांधलेली प्रत्येक फांदी हाताने हलवून बघा. डुगडुगली तर पुन्हा आवळा. कोलकात्याच्या दमट हवेत लाकडाला बुरशी फार लवकर धरते, म्हणून दर रविवारी आम्ही साल तपासायचो आणि डाग दिसला की फांदी बदलायचो.