ओळख कोणी कोणास पटवावी?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चालकांनी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय मात्र मी मागून घेतला. मी केवळ मॅट्रिक झालेला, जन्मभर प्राथमिक शाळेत खडू झिजविलेला मनुष्य. क्रेडिट कार्डाविषयी बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे आपणांस वाटेल. अधिकार एकच : मी स्वतः फसलो आहे.

गतवर्षी एका दुपारी दूरध्वनी आला. "गुरुजी, नमस्कार. बँकेतून बोलतो." आवाज मोठा आर्जवी. त्याने माझी जन्मतारीख, मूळ गाव, एवढेच नव्हे तर माझे आजोळचे आडनावही अचूक सांगितले आणि "मीही आपल्यापैकीच" अशी पुस्ती जोडली. मग कार्डाची मुदत वाढविण्याच्या मिषाने त्याने कार्डावरील सारे आकडे माझ्याकडून वाचून घेतले आणि शेवटी मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला. मी तोही सांगितला. अडतीस हजारांची खरेदी माझ्या नावे पडली. प्रगतिपुस्तकावर मुलाने केलेली बापाची खोटी सही मी दुरून ओळखीत असे. हा आवाज मला ओळखता आला नाही.

वास्तविक कुलूप भक्कम आहे. इंटरनेटवरील खरेदीस कार्डावरील आकड्यांखेरीज ओळखीचा आणखी एक पुरावा हवा, असा नियम रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून लागू केला. 1 ऑक्टोबर 2022 पासून तर दुकानदारांना आपल्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवण्याचीही मनाई झाली. त्याऐवजी 'टोकन' म्हणून एक बदली क्रमांक त्यांच्याकडे राहतो. तो चोराने पळविला तरी दुसऱ्या दुकानी निरुपयोगी ठरतो.

परंतु ह्या व्यवस्थेत आपली ओळख पटविण्याची सवय आपणांस इतकी जडली आहे की, समोरच्याने प्रथम स्वतःची ओळख पटवावी, हे आपल्या मनातच येत नाही. ओटीपी ही आपली सही होय. त्या संदेशात रक्कम आणि दुकानाचे नाव स्पष्ट लिहिलेले होते; मी ते न वाचता केवळ आकडे वाचले! अशा वेळी दूरध्वनी बंद करावा आणि कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन बँकेस विचारावे. बँकेचे संकेतस्थळ उघडताना पत्त्याच्या शेवटी 'डॉट बँक डॉट इन' आहे की नाही, तेही पाहावे.

आता लाजेची गोष्ट. चार दिवस मी मुलाजवळ अवाक्षर काढले नाही. तिसऱ्या दिवशी एका परदेशी दुकानातून आणखी अकरा हजारांची खरेदी झाली. तेथे ओटीपी विचारलाच गेला नाही, कारण आपल्याकडील हा नियम पुष्कळ परदेशी दुकाने पाळीत नाहीत. (कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून बंद ठेवता येतो, हे मला मागाहून कळले.) रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल तर तक्रार नोंदवीपर्यंतचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे. त्याच दुपारी बँकेस आणि 1930 ह्या सरकारी क्रमांकावर कळविले असते, तर निदान ते अकरा हजार वाचते. तोंड लपविण्याची एवढी किंमत मी मोजली.

एक विनंती करून आपली रजा घेतो. आपल्या मंडळाच्या परिचय-पुस्तिकेत प्रत्येकाची जन्मतारीख, आजोळ आणि मोबाइल क्रमांक छापलेला असतो. त्या गृहस्थाने माझी माहिती तेथूनच घेतली, असा माझा आरोप नाही. परंतु जी माहिती शेकडो घरांत छापील पडून आहे, ती सांगणारा मनुष्य बँकेचा किंवा ज्ञातीचा ठरत नाही, हे उघड आहे. सोयरीक जुळविण्यास वर्ष पुरते. दिवस आणि महिना इच्छुकांनी कार्यालयात येऊन विचारावा. पुढील आवृत्तीचा विचार कार्यकारिणीने करावाच. माझ्या नावापुढील तारीख व क्रमांक गाळण्याविषयीचा अर्ज मी आज सकाळीच चिटणीसांच्या हाती दिला आहे.