पाटणचा मठ आणि आपली दहावी

आपल्या जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला. इ. स. १२०७ च्या शिलालेखात मठासाठी तेलघाण्यांवर लावून दिलेल्या तेलाचीही नोंद आहे. विद्येचा भार समाजाने उचलला होता!

आज आपण क्लासची फी भरून मोकळे होतो. दहावीच्या मुलाला वर्गसमीकरणाचे सूत्र मुखोद्गत असते; ते पूर्ण वर्ग करून कसे सिद्ध होते, हे विचारताच तो गडबडतो. विद्यापीठातील गणित मात्र सिद्धतेवरच उभे असते. भुसावळात निवृत्त रेल्वे अभियंते थोडे नाहीत. त्यांनी आठवड्याची एक सायंकाळ नववी-दहावीच्या मुलांना द्यावी. गाइड मात्र घरीच ठेवावे.