श्रीरंगपट्टण : कावेरीच्या कुशीतील नगर

म्हैसूर शहरात विजयनगर नावाची एक विस्तीर्ण वस्ती आहे. ज्या साम्राज्याचे हे नाव, त्याचा दक्षिणेकडील सुभेदार या वस्तीत नव्हे, तर येथून काही कोसांवर कावेरीच्या एका बेटावर राहत असे. ते बेट म्हणजेच श्रीरंगपट्टण.

पश्चिमेकडून वाहत आलेली कावेरी येथे दुभंगते आणि सुमारे तीन मैल लांबीचा भूभाग आपल्या दोन बाहूंत घेऊन पुढे पुन्हा एक होते. बेटाच्या पश्चिम टोकाला किल्ला आहे व किल्ल्याच्या आत शेषशायी रंगनाथाचे पुरातन मंदिर. कावेरीच्या तीन बेटांवर रंगनाथाची तीन स्थाने आहेत. त्यांतील हे पहिले, म्हणून याला आदिरंग म्हणतात.

1565 साली तालीकोटच्या रणात विजयनगरचे कंबरडे मोडले. तरीही येथील सुभेदारी पुढे बराच काळ टिकली. 1610 साली म्हैसूरच्या राजा वडेयरांनी ती संपुष्टात आणून श्रीरंगपट्टणास आपली राजधानी केली आणि विजयनगरच्या धर्तीवर येथे दसऱ्याचा उत्सव सुरू केला. आज म्हैसूरचा म्हणून जो दसरा जगभर प्रसिद्ध आहे, तो मूळचा या लहानशा गावचा, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते.

हैदर आणि टिपू यांच्या काळात या नगराचे भाग्य कळसास पोहोचले. पण त्याची खरी रखवालदार कावेरीच होती. पावसाळ्यात दोन्ही पात्रे दुथडी भरली की शत्रूला वेढा उठवावाच लागे. उन्हाळ्यात मात्र त्याच पात्रांतून खडक वर येत आणि उतार मिळे. येथील प्रत्येक स्वारी म्हणूनच पंचांग पाहून होई. 1791 च्या मे महिन्यात कॉर्नवॉलिस येथवर आला. त्याने लढाईही जिंकली, पण पाऊस लागला, रसद संपली, तोफा ओढणारे बैल मेले. अखेरीस वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच्याच हातांनी निकामी करून त्याला परत फिरावे लागले. त्या उपाशी फौजेला वाटेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांचे मराठी सैन्य भेटले. मराठ्यांच्या छावणीतला बाजार धान्याने भरलेला होता. व्यापाऱ्यांनी दर मात्र चढेच लावले. दोस्तीखातर पदरमोड करण्याची बाजाराची रीत नव्हे!

पुढल्या वर्षी तिघा दोस्तांनी नदीला उतार असतानाच, फेब्रुवारीत गाठले. मार्च 1792 च्या तहाने टिपूचे अर्धे राज्य गेले, दोन मुलगे ओलीस गेले आणि मराठ्यांची हद्द तुंगभद्रेस भिडली. 1799 च्या शेवटच्या युद्धात मराठे उतरले नाहीत. त्या वर्षीच्या 4 मे रोजी, भर दुपारी, इंग्रजांच्या तुकड्या उथळ पाण्यातून नदी ओलांडून तटाच्या खिंडारात शिरल्या. टिपू लढता लढता पडला. पाऊस आणखी काही आठवड्यांवर होता.

राजधानी म्हैसूरला गेली. बेटावरच्या तापाने गोऱ्या शिबंदीची दैना उडाली व पुढे लष्करी ठाणे बंगळूरला हलले. दिवाण पूर्णय्या हे देशस्थ मुत्सद्दी टिपूच्या पदरी होते, पुढे वडेयरांचाही कारभार त्यांनीच पाहिला. 1804 साली त्यांनी कावेरीवर दगडी खांबांचा पूल उभारला. मग वरच्या अंगाला कन्नंबाडीचे धरण झाले, आणि ज्या पुराची वाट पाहत किल्लेदार दिवस मोजीत, तो आता बहुतांशी धरणाच्या दरवाजांच्या हुकमतीत आहे.