हातावर काय ठेवायचे?



मला भाषण करता येत नाही. पण चिटणीसबाईंनी, "विलायतेत राहून आलात, काहीतरी सांगाच," असा आग्रह धरला. तिथले राजवाडे नि पूल तुम्ही चित्रांत पाहिलेच आहेत. मी संसारी बाई. माझे लक्ष गेले ते काम करणाऱ्या माणसांकडे आणि त्यांच्या हातावर पडणाऱ्या पैशांकडे. तेवढेच सांगते.

२०२४ च्या सप्टेंबरात धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी लेस्टरला गेले. तिला मुलगी झाली. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सरकारी सुईणबाई आपणहून दारात हजर! पाचव्या दिवशी पुन्हा आल्या, बाळाचे वजन केले, टाचेतून रक्ताचे थेंब घेतले. मी हळूच बहिणीला विचारले, "यांच्या हातावर काय ठेवायचे?" ती म्हणाली, "काही नाही ताई, चहा विचार." तिथल्या सरकारी आरोग्यखात्यात कोणी रोख पैसे देऊ केले तर नोकरांनी ते नाकारायचे, असा दंडक आहे. फार तर आभाराचे कार्ड नि चॉकलेटचा डबा. माझ्या थोरल्या लेकीच्या वेळी आपल्याकडच्या एका प्रसूतिगृहातली आया म्हणाली होती, "मुलगी ना? मग निम्मेच द्या." ते शब्द मला परक्या देशात आठवले. आणि त्या आयेला महिना काय मिळत असेल, हाही विचार मनात आला.

हॉटेलची तऱ्हा वेगळी. पुष्कळ ठिकाणी बिलातच शेकडा दहा किंवा साडेबारा 'सर्व्हिस चार्ज' लावतात. बहुधा तो मर्जीचा असतो, काढा म्हटले तर काढतात. पण इंग्रज माणूस तसे म्हणायला लाजतो. जेवण बेचव असले तरी वेटरला "फार छान" म्हणेल आणि घरी जाऊन बायकोपाशी कुरकुर करील! बसमधून उतरताना मात्र लोक ड्रायव्हरला "थँक यू" म्हणतात. दुकानातली बाई मला "मी डक" म्हणाली. डक म्हणजे बदक! त्या बाजूला लाडाने असेच म्हणतात म्हणे. गिऱ्हाईक म्हणजे शेठ नव्हे आणि विकणारी म्हणजे दासी नव्हे, हे मला फार आवडले.

पण हे पहिल्यापासून असे नव्हते. बहिणीच्या यजमानांनी पुस्तकातून वाचून सांगितले ते सांगते. अठराव्या शतकात इंग्लंडात मोठ्या घरी जेवायला गेले की निघताना सारे गडी ओळीने उभे. एक टोपी देणार, एक हातमोजे, आणि एकेकाच्या हातावर नाणे ठेवायचे. याला 'व्हेल्स' म्हणत. जेवणापेक्षा निरोप महाग! जोनास हॅनवे नावाच्या गृहस्थाने १७६० च्या सुमारास या चालीविरुद्ध पत्रे लिहून छापली. हाच गृहस्थ लंडनात छत्री घेऊन फिरणाऱ्या पहिल्या पुरुषांपैकी एक म्हणून प्रसिद्ध आहे. पुढे चाल मोडू लागली तेव्हा १७६४ साली लंडनच्या रॅनेला बागेत नोकरांनी दंगा केला. त्यांना तरी नावे कशी ठेवावी? पाहुणे देतातच म्हणून धनी हात आखडता घेणार, आणि पाहुण्यांनीही बंद केले तर पोटाला चिमटा बसणारच.

किमान पगाराचा कायदा तिथे १९९८ साली झाला. तरी काही मालक बक्षिसी धरूनच तो पगार पुरा करीत. ते ऑक्टोबर २००९ पासून बंद झाले. मी होते तेव्हा २१ वर्षांवरच्या माणसाला तासाला कमीत कमी ११ पौंड ४४ पेन्स द्यावे लागत, बक्षिसी त्याच्यावर.

पण ती बक्षिसी पोचते कोणाला? बहिणीच्या शेजारी साताऱ्याकडची एक मुलगी राहत होती. कॉलेज शिकायची, आठवड्याला २० तास नोकरीची मुभा, म्हणून शनिवार-रविवार एका हॉटेलात वाढायला जायची. लोक कार्डाने बक्षिसी ठेवीत, ती मालकाच्या गल्ल्यात. व्हिसावर आलेली पोर, तोंड उघडले तर काम जाईल ही धास्ती. १ ऑक्टोबर २०२४ ला नवा कायदा लागू झाला: बक्षिसीतला एक पेन्सही मालकाने ठेवायचा नाही, पुढच्या महिनाअखेरीपर्यंत नोकरांना वाटायची, आणि नोकराने लेखी हिशेब मागितला तर दाखवायचा. पोरीने आमच्याच स्वयंपाकघरात बसून अर्ज लिहिला. दोनदा फाडला, तिसऱ्यांदा दिला. नोव्हेंबरअखेर ४३ पौंड जास्त आले. आधीचे मात्र गेले ते गेलेच.

२६ डिसेंबरला तिथे 'बॉक्सिंग डे'ची सुटी असते. नोकरचाकर, टपालवाले यांना नाताळची पेटी म्हणजे 'ख्रिसमस बॉक्स' देण्याची जुनी चाल, त्यावरून हे नाव पडले म्हणतात. आपली दिवाळीची पोस्तच ती! फक्त तिथल्या टपालवाल्याला पगारी रजा असून वर पोस्त. आपण भांडीवाल्या बाईंना पोस्त देतो, पण त्यांनी आठवड्याची सुटी मागितली की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी कितीजणी सुटी देतात, ते मी विचारत नाही.

बहिणीने नाताळाआधी टपालवाल्याच्या पाकिटात पाच पौंड घातले, मी सोबत चार चकल्या दिल्या. त्याने दारातच एक खाल्ली. डोळ्यांत पाणी आले, तरी म्हणाला, "फार छान!"

चहा आलेला दिसतो. माझे चार शब्द पुरे करते.