राजधानीतील संग्रहालये आणि आपला माळा



दिल्ली पाहून आलेल्या कुटुंबाला काय काय पाहिले म्हणून विचारावे, तर यादी ठरलेली असते. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, चांदणी चौकातील खरेदी, आणि गाडीला अवकाश असला तर जाता जाता एखादे संग्रहालय. त्या संग्रहालयात काय पाहिले, असे मात्र पुढे विचारू नये. ‘मूर्ती होत्या, नाणी होती, आत गारवा छान होता,’ एवढेच उत्तर यायचे. त्यात त्या मंडळींचा दोष नाही. हजारो वस्तू दीड तासात पाहायच्या म्हटल्यावर डोळे थकतात, पाय दुखतात आणि मुले रडकुंडीस येतात.

आम्ही सहकुटुंब दिल्लीस गेलो तेव्हा मुलांना एकच नियम घालून दिला होता. दालनातील सगळे पाहायचे नाही. प्रत्येकाने एक वस्तू निवडायची, तिच्यासमोर पाच मिनिटे उभे राहायचे, आणि रात्री जेवताना ती इतरांना सांगायची.

जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयाचा जन्मच मोठा मौजेचा आहे. १९४७–४८ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये भारतीय कलेचे एक प्रदर्शन भरले होते. त्यासाठी देशभरातील संस्थांनी आणि खाजगी संग्राहकांनी आपापल्या वस्तू दिल्या. त्या परत आल्यावर दिल्लीत राष्ट्रपती भवनात मांडल्या, तेव्हा त्या पाहण्यास लोकांची रीघ लागली. मग मूळ मालकांनाच विनंती करण्यात आली की, वस्तू भेट तरी द्या, नाही तर उसन्या तरी ठेवा. बहुतेकांनी मोठ्या मनाने होकार दिला. १५ ऑगस्ट १९४९ रोजी संग्रहालय सुरू झाले आणि १९६० साली ते जनपथावरील इमारतीत आले. पुढे २०२३ मध्ये नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये भव्य नवे राष्ट्रीय संग्रहालय उभारण्याची योजना सरकारने जाहीर केली. ते काही असो. राजधानीचे हे वैभव गावोगावच्या लोकांनी आपल्या हातून सोडलेल्या वस्तूंवर उभे राहिले, एवढे लक्षात ठेवावे.

आमच्या धाकटीने निवडली ती मोहेंजोदडोची नर्तकी. ही मूर्ती १९२६ साली उत्खननात सापडली. पाठ्यपुस्तकातील चित्रावरून ती हातभर तरी असेल अशी पोरीची समजूत. प्रत्यक्षात उंची सुमारे साडेदहा सेंटिमीटर, तळहातावर उभी राहील एवढी. उजवा हात कमरेवर, डावा हात खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला. पोरीने विचारले, “हिच्या एका हातात एवढ्या बांगड्या आणि दुसऱ्यात इतक्या थोड्या का? आणि ही नाचते आहे हे कोणी सांगितले?” पहिल्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणाजवळ नाही. आणि नर्तकी हे नाव तर संशोधकांनी दिलेले. त्या मुलीने स्वतःविषयी काहीच लिहून ठेवलेले नाही. शाळेच्या पुस्तकातून उत्तरे मिळतात, पण असा प्रश्न सुचण्यासाठी वस्तूसमोरच उभे राहावे लागते.

थोरल्याने निवडला दायमाबादचा ब्राँझचा रथ. लांबी सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर, पुढे दोन बैल, रथात उभा सारथी आणि दांडीवर चक्क एक कुत्रा! पाटी वाचून तो म्हणाला, “बाबा, हे तर आपल्याकडचे!” खरेच आपल्याकडचे. दायमाबाद हे प्रवरेकाठचे गाव, अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. १९७४ साली तेथील एक माणूस झुडपाची मुळे खणत असता त्याला हा रथ लागला, आणि त्याच्यासोबत हत्ती, गेंडा व रेडा. चारींचे मिळून वजन साठ किलोच्या वर. काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, तरी साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचे असावेत असे बहुतेक मानतात.

आता क्षणभर विचार करा. साठ किलो धातू! मोडीच्या भावाने त्याचे त्या दिवशी रोख पैसे झाले असते, आणि संध्याकाळी कुणाच्या तरी भट्टीत त्या सारथ्याचा आणि त्या कुत्र्याचा रस झाला असता. तसे झाले नाही, म्हणून आज आमचा मुलगा त्यांच्यापुढे उभा राहू शकतो. असे न वाचलेले किती रथ वितळले असतील, याची मोजदाद कोण करणार?

आमच्या मते, मुलांना संग्रहालयात नेण्याचे खरे कारण हेच आहे. परीक्षेत चार गुण जास्त मिळावेत एवढ्यासाठी दिल्लीचे भाडे खर्चण्याची गरज नाही. उद्या त्यांच्या हाताला काही जुने लागले तर ते ओळखण्याची नजर आणि थांबण्याची सवय त्यांना असावी, यासाठी न्यावे. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८ चा कायदाच आहे. पण कायदा पोहोचेपर्यंत भट्टी पेटलेली असते. नजर मात्र जागेवरच असते.

आणि जमीन खणायलाच कशाला हवी? आपल्या माळ्यावर आजोबांच्या पोथ्यांचे गाठोडे असते, मोडी कागदांचे रुमाल असतात. विहिरीवर ज्या दगडावर धुणे आपटतो, तो एखादे वेळी वीरगळ निघतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले ते अशाच दप्तरांसाठी, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही अशाच कामासाठी. दिनकर केळकरांनी तर घराघरांतील दिवे आणि अडकित्ते जमवून पुण्यात अख्खे संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये सरकारच्या स्वाधीन केले. अडकित्त्यात काय पाहायचे, असे म्हणणाऱ्याने तेथे एकदा जाऊन यावे.

तेव्हा सुट्टीत दिल्लीस जरूर जा. बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, तो वार टाळा. एका दिवशी एकच संग्रहालय पाहा, तेही सकाळी, मुले ताजीतवानी असताना. घरी परतल्यावर मुलांना घेऊन माळ्यावर चढा. गाठोडी खाली काढा, धूळ झटका, कागद वाचता येत नसतील तर वाचणाऱ्याला दाखवा. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाला दाराशी येण्यापूर्वी एवढे काम उरकले, तर आजचे व्याख्यान कारणी लागले असे आम्ही समजू.